सातव्या दिवसाचं पाणी

सातव्या दिवशी सकाळीही घराची सगळी दारं सताड उघडी होती. रात्रभर तशीच होती, त्याआधीच्या सहा रात्रीही. गेलेल्या माणसाला शेवटचं जाता-येता यावं म्हणून. यी मोनने उठल्या उठल्या ती मोजली: पुढचं, मागचं, जिन्यापाशी, चार खिडक्या. मग शेजारी झोपलेल्या फ्यू फ्यूची छाती पाच वेळा वर-खाली होईपर्यंत ती तिच्याकडे बघत राहिली. चार वर्षांची पोर, झोपेतसुद्धा मुठी आवळलेल्या. मग तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. पाचवा महिना लागला होता.

बंद होतं ते एकच दार. तळघराचं.

आणि आवाज नेमका तिथूनच आला. टक्.

म्यिंगाबा गावात त्या आवाजाला कुणी भ्यावं असं काही नव्हतं. अर्धं गाव हेच काम करायचं. बांबूच्या पट्ट्या वळून भांडं करायचं, त्यावर झाडाचा काळा चीक चढवायचा आणि एकेक थर सात-सात दिवस जमिनीखालच्या दमट काळोखात वाळू द्यायचा. काळोखात कोरडा वारा शिरला, तर बांबू आक्रसतो आणि वरचा थर तडकतो. टक्. सासरे गेले त्या दुपारी तळघराचं दार उघडं राहिलं होतं. तेव्हा दोन दिवस आवाज येणारच, असं सगळे म्हणाले. तिसऱ्या दिवशी ठेट नाइंगने, तिच्या नवऱ्याने, एकतीसच्या एकतीस भांडी वर आणून ओसरीवर मांडली, दार ओढून घेतलं आणि आडवी फळी लावली. तळघरात आता मातीशिवाय काही उरलं नव्हतं.

तरी आवाज यायचाच. कुणाचा स्वर चढला की यायचा.

हे कुणी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण सहा दिवसांत घर हळू बोलायला शिकलं होतं. तेही सासऱ्यांचं, ऊ तुन ये यांचं घर, ज्यांनी ओसरीवर बसून कारागिराला हाक मारली की पॅगोडापाशी बांधलेल्या घोड्यांचे कान उभे राहायचे. शेजारीण दोनदा डोकावून गेली. "आवाज नाही गं तुमच्याकडून काही," ती म्हणाली, "म्हटलं, सगळे बरे आहेत ना, बघून यावं."

यी मोन सगळ्यांपेक्षा हळू बोलायची. तिला दोन वेळा स्वप्न पडलं होतं. सासरे फाटकाबाहेर उभे होते, चपला हातात घेऊन, आणि विचारत होते, "आत येऊ का?" त्या माणसाने आयुष्यात कुणाला कधी विचारलं नव्हतं. पोटुशीला असं स्वप्न पडलं तर गेलेला माणूस तिच्या पोटी येऊ बघतोय, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मंडालेच्या कॉलेजात तीन वर्षं प्राणिशास्त्र शिकलेल्या यी मोनला ते ठाऊक नसतं तर बरं झालं असतं. तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

मागच्या अंगणात ठेट नाइंग पाण्याचे माठ भरत होता. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"आज मी सांगणार आहे."

"काय?"

"खरं काय ते."

त्याने माठ खाली ठेवला. "आज नको. विहारातले थोरले भिक्खू, सयाडॉ, जेवून जाऊ देत."

"सहा दिवस हेच चाललंय तुझं. दहन होऊ दे. लोक जाऊ देत. ताईंचं डोकं थंड होऊ दे."

"ताईचं डोकं? बाबांचीच मुलगी आहे ती. बाबा निदान दर उन्हाळ्यात नदीपलीकडे ध्यानाला तरी जायचे." तो हसल्यासारखं करून थांबला. हा घरातला जुना विनोद होता: बाबांचं ध्यान तीन दिवस टिकतं आणि चिकाचा एक थर वाळायला सात लागतात, म्हणून या घराला चकाकी येत नाही. "हे बघ, माझ्यावर घेतलंय ना मी? मला चालतंय. तुला या दिवसांत ती काय बोलेल, सांगता येत नाही."

"तुला चालतंय. मला चालत नाही."

तिचा स्वर जरासा चढला. दोघांनीही एकाच वेळी घराकडे पाहिलं आणि वाट बघितली.

टक्.

"उंदीर असेल," ठेट नाइंग म्हणाला आणि त्याने माठ पुन्हा उचलला.

सासरे गेले त्या दुपारी घडलं ते एवढंच होतं. फ्यू फ्यू दिसेना. पंधरा मिनिटं. विहीर, जिना, रस्ता, चिकाचे डबे, सगळं बघून यी मोन तळघराशी आली आणि दार उघडून आत पळाली. मुलगी तिथेही नव्हती. ती तशीच बाहेर धावली, दार तिच्या मनातही राहिलं नाही. फ्यू फ्यू सापडली बांबूच्या ढिगामागे, गाढ झोपलेली. दार मात्र दीड तास उघडं राहिलं. वैशाखातला कोरडा वारा दीड तास आत जात होता आणि आत विहारासाठी केलेलं शिखराचं मोठं दानपात्र होतं. चौदाव्या थरावर. ऊ तुन ये दुपार कलताना खाली उतरले, तेव्हा ते काठापासून बुडापर्यंत तडकलं होतं.

त्यानंतर पायऱ्यांशी जे झालं, ते आपल्यात आणि बाबांच्यात झालं, असं ठेट नाइंगने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तो पोहोचला तेव्हा बाबा पायरीवर कलंडलेले होते आणि यी मोन लांब पाठमोरी उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं. मग बहीण धावत आली, तेव्हा तो म्हणाला, "दार माझ्याकडून उघडं राहिलं. मीच उलट बोललो."

*

खिन स्वेने, ठेट नाइंगच्या मोठ्या बहिणीने, स्वयंपाकघर पहाटेच ताब्यात घेतलं होतं. सासर न्याउंग-ऊला, मोटारसायकलने वीस मिनिटांवर. पण गेले सहा दिवस ती माहेरीच होती आणि माहेरच्या चुलीवर अशी बसली होती, जणू कुणी ती उचलून नेणार आहे. माशाचा रस्सा एका चुलीवर, डुकराच्या मांसाची कढी दुसऱ्या. भिक्खूंचं जेवण दुपारच्या आत उरकायला हवं.

दॉ ओन ची, तिची आई, खाली बसून मुरवलेल्या चहाच्या पानांच्या डब्यात शेंगदाणे आणि तीळ मांडत होती. कप्प्याकप्प्यांचा तो डबा नवऱ्याच्या हातचा होता.

"बाबांना पुण्य द्यायचं पाणी तो ओतणार नाही, आई."

"माझा हात कापतो. सांडेल."

"मी ओतेन."

"मुलगा घरात असताना?"

"ज्याच्यावर चिडून बाबा गेले, त्याच्याच हातचं पुण्य घेतील ते?" खिन स्वेने रस्सा ढवळला. तिचा आवाज कुजबुजण्याच्या वर जात नव्हता, पण पळी भांड्यावर आपटत होती. "शेवटच्या क्षणी मन जसं, पुढचा जन्म तसा. तूच शिकवलंस. रागात गेलेला माणूस कुठे जातो, सांग. ऐकतेस ना रोज? खाली कोण आहे ते?"

"'साधू' म्हणून पुण्य घ्यायचं ते त्यांनी. तू नाही."

"ते म्हणणार नाहीत. रुसून बसलेत. ओळखत नाहीस तू त्यांना?"

दॉ ओन चीने तिळाचा कप्पा बोटाने सारखा केला. "त्रेचाळीस वर्षं ओळखत होते," ती म्हणाली.

खिन स्वेने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. आईला एक गोष्ट माहीत नव्हती. अंघोळ घालताना बाबांच्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूला तिने बोटाने काळा चीक लावला होता. लोक चुलीची काजळी लावतात. काजळी पुसली जाते, चीक जात नाही. पुढे ज्या बाळाच्या मनगटावर तो डाग दिसेल, ते बाबा. लावताना ती कानाशी वाकून म्हणाली होती, "माझ्याकडे या. अकरा वर्षं रिकामी आहे जागा. बाकी कुठे जाऊ नका." वडिलांच्या रागाला तिच्याइतकं कुणी सोसलं नव्हतं. सोसलेल्या माणसाचा हक्क नसतो का? आणि मध्येच भावाने त्यांना रागात ढकलून दिलं. रागातला माणूस वाट चुकतो. समोर दिसेल त्या दारात शिरतो.

समोर दिसणारं दार तिला रोज दिसत होतं, पाच महिन्यांच्या पोटावर लुंगी सैल बांधून घरभर फिरणारं.

दॉ ओन चीने डब्याचं झाकण लावलं. त्या दुपारी ती अंगणात वाळवण उचलत होती. तिने भिंतीपलीकडून आवाज ऐकला होता आणि तो मुलाचा नव्हता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सुनेच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं ती रोज बघत होती आणि थांबत होती. घाईने काढलेलं भांडं फुगतं, एवढं तिला नवऱ्याच्या धंद्यातलं कळत होतं. पण तिला झोप लागू देत नव्हतं ते वेगळंच. सुनेच्या आवाजानंतर जे ऐकू यायला हवं होतं, ते आलंच नव्हतं.

*

सयाडॉ चार भिक्खूंना घेऊन दहाला आले. जेवण शांतपणे झालं. शेजारपाजारचे पंधरा-वीस लोक ओसरीवर बसले होते, बाबांचं नाव छापलेले कागदी पंखे हलवत. भिक्खूंची ताटं उचलली गेली. आता धर्मवचन, मग पाणी सोडायचं. ठेट नाइंग पितळी झारी धुऊन आणायला आत आला, त्याच्यामागे यी मोन कोरडा पंचा घेऊन. तळघराच्या दारासमोरच्या बोळात खिन स्वे उभी होती.

"झारी इकडे दे."

"ताई, लोक बसलेत."

"म्हणून तर हळू बोलतेय. दे."

"आईने मला सांगितलंय."

"आईने तुला लहानपणापासून सगळंच सांगितलंय, धाकट्या. 'बाबांच्या समोर उलट बोलू नकोस,' हेही सांगितलं होतं. तेवढं बरं विसरलास." ती कुजबुजत होती, तरी शब्दांच्या कडा कापत होत्या. "तू ओतलंस तर मी साधू म्हणणार नाही. सगळ्यांच्या देखत तोंड मिटून बसेन."

ठेट नाइंगने झारी धरून ठेवली. त्याच्या मानेवरची शीर उभी राहिली. "बस मिटून."

टक्.

तिघंही दाराकडे बघायचं टाळत उभे राहिले. बोळात चिकाचा आंबूस वास होता. भांडी वर नेऊन चार दिवस झाले होते, तो वास उलट वाढला होता.

"ऐकलंत?" खिन स्वे म्हणाली. मग ती यी मोनकडे वळली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. त्या मऊपणानेच यी मोनच्या पाठीवर काटा आला. "तुला स्वप्न पडलंय. नाही म्हणू नकोस. तिसऱ्या रात्री तू झोपेत 'या' म्हणालीस. मी जागी होते."

आपण 'या' म्हणालो, हे यी मोनला माहीत नव्हतं.

"बाबांच्या मनगटावर मी खूण केलीय. उजव्या. चिकाची. तुझं बाळ जन्मलं की पहिला हात मी बघणार. खूण असली तर ते माझं आहे. मी घेऊन जाणार. तुला एक आहे, दुसरं होईल. त्यांना रागाने घालवणाऱ्याच्या घरी मी त्यांना वाढू देणार नाही."

"ताई, वेड लागलंय का तुला?" ठेट नाइंग म्हणाला.

पण यी मोनला त्याचं बोलणं लांबून आल्यासारखं ऐकू आलं. तिच्या जिभेवर एक वाक्य येऊन बसलं होतं. तयार, धार लावलेलं. अकरा वर्षांत या घरात कुणी खिन स्वेला म्हटलं नव्हतं ते वाक्य. रिकाम्या कुशीबद्दलचं. ते उच्चारलं असतं तर खिन स्वे पुन्हा कधी उभी राहिली नसती. यी मोनने तोंड उघडलंही.

आणि तिला कळलं की तोंड उघडलं आहे.

एवढंच झालं. कान तापले होते, ते कळलं. दात एकमेकांवर दाबलेले होते, आता सुटले होते, ते कळलं. हातातला पंचा तिने पिळायला घेतला होता. राग आला की त्याला नाव द्यायचं, असं सासरे ध्यानावरून आले की पहिले तीन दिवस जेवताना सगळ्यांना सांगायचे आणि सगळे ताटात बघत हसू दाबायचे. राग, तिने मनात म्हटलं. राग. कळतंय. तिला वाटलं, हे केलं की राग जातो. तो गेला नाही. तो तिथेच होता, पण तिच्यापासून एक वीतभर लांब, आणि त्या वीतभर जागेत तिला एक आवाज ऐकू येत होता.

राग… राग… कळतंय.

तो तिचा नव्हता. पुरुषाचा होता, घोगरा, अगदी हळू. तळघरातून येत नव्हता. तो सात दिवसांपूर्वीच्या दुपारमधून येत होता.

तिने तो तेव्हाही ऐकला होता. ती पाठ फिरवून चार पावलं गेली होती आणि मागून हे ऐकू आलं होतं. पण तो कुणाचा हे तिला उमगलंच नव्हतं. इतक्या हळू सासरे कधी बोललेच नव्हते. आणि मग ठेट नाइंगची हाक, धावपळ, डॉक्टर. त्या चार पावलांकडे तिने पुन्हा वळून बघितलं नव्हतं. बघायची हिंमत नव्हती.

"दार माझ्याकडून उघडं राहिलं होतं," यी मोन म्हणाली.

"यी मोन," ठेट नाइंग म्हणाला.

"मीच बोलले त्यांना. हा तिथे नव्हताच. ताई, ऐका आधी, मग काय करायचं ते करा. त्यांनी ते दानपात्र मला दाखवलं. हात उगारला. मी म्हणाले, माझी मुलगी आत मरून पडली असती, तरी तुम्ही आधी भांडंच उचललं असतं. वर मीच म्हणाले, असल्या माणसाजवळ कुणी राहू नये. राहा तुम्ही एकटेच त्या काळोखात."

खिन स्वेचा चेहरा पांढरा पडला. त्या शेवटच्या शब्दाबरोबर तिघांनी आपोआप त्या बंद दाराकडे पाहिलं. आवाज आला नाही. ते जास्त भयंकर होतं.

"तू," खिन स्वे म्हणाली. "तू त्यांना तिथे ठेवलंस."

"मलाही तेच वाटत होतं. आत्तापर्यंत."

"आणि आता?"

"हात वर होता, तो त्यांनी खाली आणला. मग चपला काढल्या."

"काय?"

"चपला. दोन्ही. बाजूला नीट ठेवल्या. झटका आलेला माणूस चपला नीट ठेवत नाही, ताई. मग पायरीवर बसले, मांडी घालून. मी तोवर वळले होते, मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. आणि ते म्हणाले, राग, राग, कळतंय. दोनदा. हळू. त्यानंतर गेले ते."

"खोटं," खिन स्वे म्हणाली. "स्वतःला वाचवायला सांगतेस."

"स्वतःला वाचवायचं असतं तर गप्प बसले असते. सगळं यानेच घेतलं होतं की अंगावर."

बोळाच्या तोंडाशी दॉ ओन ची कधी येऊन उभी राहिली, कुणाला कळलं नव्हतं.

"चपला नीट होत्या," म्हातारी म्हणाली. "मीच उचलल्या. तेव्हा लक्षात आलं नाही."

"आई, तुला माहीत होतं? हिने केलं ते?"

"हिचा आवाज ऐकला होता. पुढचा ऐकायला मी हातातलं वाळवण खाली ठेवलं. त्रेचाळीस वर्षांत कुणी त्यांना एक शब्द बोलला आणि त्यांचे दहा आले नाहीत, असं झालं नाही. त्या दिवशी आलेच नाहीत. सात दिवस मी हाच विचार करतेय, का आले नाहीत." तिने सुनेकडे पाहिलं. "तू लवकर सांगायला हवं होतंस, पोरी. पण मीही विचारलं नाही."

बाहेर सयाडॉ खाकरले. पंख्यांची सळसळ थांबली.

खिन स्वे यी मोनकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काय आहे हे यी मोनला वाचता येईना, आणि न वाचता येणाऱ्या चेहऱ्यांची तिला फार भीती वाटायची. मग खिन स्वे वळली, दोन्ही हातांनी आडवी फळी उपसली आणि तळघराचं दार ओढलं.

आत काही नव्हतं. सात पायऱ्या दिसत होत्या, आठवी दिसत नव्हती. वैशाखाच्या भर दुपारी खालून गारवा वर आला आणि घोट्यांना लागला. चौघांच्याही. ठेट नाइंगने नकळत एक पाय मागे घेतला.

खिन स्वे उंबऱ्याशी वाकली. लहानपणी जेवायला बोलवायला पाठवायचे, तेव्हा ती इथेच वाकायची आणि आतून काय येईल, हाक की शिवी, याची वाट बघायची.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "वर या. पाणी सोडतोय."

ती जितका वेळ वाट बघायची, तितका वेळ थांबली. मग उठली, हात लुंगीला पुसले. भावाच्या हातातल्या झारीकडे तिने एकदा पाहिलं.

"बारीक धार धर," ती म्हणाली. "नेहमी भसकन ओततोस."

*

ठेट नाइंगने बारीक धार धरली. सयाडॉंचं पालीतलं म्हणणं चालू होतं आणि पाणी झारीतून वाडग्यात थेंबाथेंबाने उतरत होतं. जिवंत माणसांनी जे काही चांगलं केलं, त्यातला वाटा गेलेल्याला. त्याने तो आनंदाने घ्यायचा. रागावलेल्याला घेता येत नाही. सगळ्यांनी तीनदा साधू म्हटलं. खिन स्वेने तिन्ही वेळा म्हटलं. यी मोन तिचे ओठ बघत होती.

लोक गेले. भिक्खू गेले. उन्हाने ओसरीवरच्या एकतीस भांड्यांच्या सावल्या काळ्या करून टाकल्या होत्या. दॉ ओन ची फ्यू फ्यूला मांडीवर घेऊन भात भरवत होती आणि ती नेहमीसारखी ताट ढकलत होती.

"चला, दारं लावायची," ठेट नाइंग म्हणाला. सात दिवसांनी. तो माडीवरच्या खिडक्यांकडे गेला. यी मोनने मागचं दार लावलं, जिन्यापाशीचं लावलं. तळघराचं लावताना तिचा हात अडखळला. तिने ते लोटलं, फळी लावली नाही. मग ती पुढच्या दाराकडे आली. तिथे खिन स्वे आधीच उभी होती, एक कवाड बंद करून, दुसऱ्यावर हात ठेवून, बाहेरच्या रस्त्याकडे बघत.

आणि यी मोनच्या पोटात काहीतरी हललं.

फुलपाखरू मुठीत धरल्यासारखं. एकदा, मग पुन्हा. ती जागच्या जागी थांबली, हात आपोआप पोटाकडे गेला.

खिन स्वेने वळून पाहिलं. "काय झालं?"

काही नाही, हे तोंडात तयार होतं. तेच शहाणपणाचं होतं. हात बघणार, घेऊन जाणार, असं ही बाई तासापूर्वीच म्हणाली होती. भीती, यी मोनने मनात म्हटलं. कळतंय. एक श्वास आत आला, बाहेर गेला.

"हललं," ती म्हणाली. "पहिल्यांदाच."

खिन स्वेच्या चेहऱ्यावर ते सगळं आलं. यी मोनने येताना पाहिलं: आधी डोळ्यांत, मग जबड्यात, मग दाराच्या कवाडावर आवळलेल्या बोटांत. अकरा वर्षांचं होतं ते, एका घासात मावणारं नव्हतं.

"आधी बाजूला हो तिथून," ती शेवटी म्हणाली. "दार जड आहे. धक्का लागेल तुला."

यी मोन भिंतीशी सरकली. खिन स्वेने दुसरं कवाड ओढायला घेतलं, अर्ध्यात थांबली, आणि अंग चोरून जराशी मागे झाली, चिंचोळ्या वाटेत समोरून वडीलधारं माणूस आलं की होतात तशी. तिने मान खाली घातली. मग दार लावलं, आवाज न करता.

तिने जाणाऱ्याला वाट दिली की येणाऱ्याला, हे यी मोनने विचारलं नाही.